शेतमजुरांचा पगार आणि अमेरिकेतले फॉर्म: ९४३ कुठे, ९४१ कुठे

मजुरांच्या पगारावरच्या कराचा हिशेब इथे मालकाने आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याला, द्यायचा असतो: शेतीकामाचा वर्षातून एकदा फॉर्म ९४३ वर, इतर कामाचा दर तिमाहीला फॉर्म ९४१ वर. जानेवारी उजाडला की फोन सुरू होतात. "चारही तिमाहींचे ९४१ वेळेवर भरले, तरी आयआरएसचं पत्र आलंय." किंवा बरोबर उलटं: "आम्ही शेतीवाले म्हणून सगळ्यांचा पगार ९४३ वर टाकला, वाइन चाखायच्या काउंटरवरच्या मुलीचासुद्धा." पैसे प्रामाणिकपणे भरलेले असतात, फक्त चुकीच्या खिशात गेलेले असतात. फोन करणाऱ्यांत आपली मराठी माणसंही असतात. नोकरी सांभाळून दहा-वीस एकरांचा द्राक्षमळा, ब्लूबेरी, नर्सरी किंवा शेळ्या-कोंबड्या करणारी. गावाकडे सालगड्याच्या पगाराला फॉर्म लागत नव्हता. इथे लागतो, आणि कोणता लागतो हे तुम्ही शेतकरी आहात की नाही यावर ठरत नाही. तो मजूर प्रत्यक्षात काय काम करतो, यावर ठरतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

खालचा क्रम मोडू नका. बहुतेक जण आधी फॉर्म उघडतात आणि मग त्यात मजूर बसवतात. आधी काम, मग मालक, मग कसोटी आणि सगळ्यात शेवटी फॉर्म, असं चला.

टप्पा १: पहिला पगार देण्याआधी

मालक म्हणून ओळख क्रमांक, म्हणजे ईआयएन, घ्यायला एसएस-४ हा अर्ज असतो. त्यात पुढच्या बारा महिन्यांत जास्तीत जास्त किती कामगार असतील, हे तीन रकान्यांत विचारतात: शेतीचे, घरकामाचे, इतर. घोटाळ्याची सुरुवात बऱ्याचदा इथेच होते. घाईघाईत सगळे मजूर 'इतर'मध्ये टाकले की आयआरएसच्या नोंदीत तुम्ही तिमाही ९४१ भरणारे मालक ठरता. मग तुम्ही बरोबर ९४३ भरलात तरी "तुमचा ९४१ आला नाही" अशी पत्रं येत राहतात.

क्रमांक आला की ईएफटीपीएस या सरकारी भरणा यंत्रणेचं खातं सुरू करून ठेवा. तिचा पिन टपालाने येतो. पगाराच्या आदल्या रात्री आठवण झाली तर उपयोग नाही.

मजूर कामावर आला की त्याच्या हातात दोन कागद द्यायचे. डब्ल्यू-४ हा आयकर कपातीचा, आणि तो स्पॅनिशमध्येही मिळतो. आय-९ हा कामाच्या परवानगीचा, आणि तुमचा भाग काम सुरू झाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत पूर्ण व्हायला हवा. नव्या माणसाची नोंद राज्याकडे २० दिवसांच्या आत करायची असते. काही राज्यांत मुदत याहून कमी आहे.

हजेरीच्या वहीत तारीख, तास आणि रक्कम यांच्या जोडीला आणखी एक रकाना आखा: 'काम काय केलं'. छाटणी, तोडणी, पॅकिंग, दुकान, घरकाम असं एका शब्दात लिहिलं तरी चालेल. हा रकाना नसेल तर टप्पा २ अंदाजपंचे होतो.

सावधान: भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील व्हिजिटर व्हिसावर असतील, तर त्यांना पगारपत्रकावर घेता येत नाही. मळ्यात फेरफटका मारणं वेगळं, मजुरी घेणं वेगळं.

टप्पा २: हे काम शेतीचं आहे का?

पगारावरच्या कराच्या नियमांत 'शेत' या शब्दाचा पसारा मोठा आहे. जनावरांचा गोठा, दूध, कोंबड्या, फळबाग, भाजीपाला, चराऊ रान, नर्सरी हे सगळं त्यात येतं. पिकं किंवा रोपं वाढवणं हाच मुख्य वापर असेल तर ग्रीनहाऊसही येतं. जमिनीची मशागत, लागवड, कापणी, जनावरांची निगा हे उघडच शेतीकाम आहे. शेताची व्यवस्था, देखभाल, यंत्रांची आणि कुंपणाची दुरुस्ती हेही शेतीकाम धरतात. अट अशी की माणूस शेताच्या मालकाचा किंवा कसणाऱ्याचा नोकर असावा आणि कामाचा मोठा भाग शेतावरच होत असावा. म्हणून ट्रॅक्टर दुरुस्त करणारा तुमचा पगारी मेकॅनिकही ९४३ वर येऊ शकतो. लोक त्याला हमखास ९४१ वर टाकतात.

खरी अडचण माल शेतातून निघाल्यावर येते. दोन रेषा लक्षात ठेवा.

पहिली रेषा अर्ध्याची. पॅकिंग, प्रतवारी, साठवण, बाजारात पोचवणं ही कामं शेतीची धरायची असतील, तर त्या मालापैकी निम्म्याहून अधिक माल तुम्ही स्वतः पिकवलेला हवा. तुमच्या शेडमध्ये १०० पेट्या भरल्या जातात, त्यातल्या ६० तुमच्या आणि ४० शेजाऱ्याच्या, तर भरणारा माणूस शेतीकामावर आहे. आकडे उलटे असतील तर नाही. शेजाऱ्याचा माल वाढत गेला की ही रेषा कधी ओलांडली ते कळतही नाही, म्हणून शेडमध्ये आवक-नोंद ठेवा. शेतकऱ्यांनी गट करून चालवलेल्या शेडला नियम याहून कडक आहे. तिथे सगळा माल गटातल्यांचाच पिकवलेला लागतो.

दुसरी रेषा कच्च्या रूपाची. मालाचं नैसर्गिक रूप बदलणारं काम शेतीकाम नाही, आणि रूप बदलल्यानंतरचं कामही नाही. द्राक्षं तोडून पेटीत भरेपर्यंत शेती. द्राक्षं चिरडून रस काढला, आंबवला, बाटलीत भरला की शेती संपली. दूध काढणं शेती, चीज बनवणं नाही. टोमॅटो निवडणं शेती, सॉस शिजवणं नाही. किरकोळ विक्रीचं दुकान आणि मुख्यतः मांडणीसाठी किंवा साठवणीसाठी वापरलेलं ग्रीनहाऊस हेही बाहेर. नर्सरीवाल्यांनी हे दोनदा वाचावं. रोपं वाढवणारा कामगार एका फॉर्मवर आणि गल्ल्यावर बसणारा दुसऱ्या फॉर्मवर, असं एकाच अंगणात होतं.

मळा आणि वायनरी दोन्ही चालवणाऱ्यांचं चित्र साधारण असं दिसतं. छाटणी, डवरणी, तोडणी करणारे ९४३ वर. क्रश पॅड (द्राक्षं चिरडायची जागा), तळघर, बाटल्या भरणं आणि टेस्टिंग रूम (वाइन चाखायची खोली) ९४१ वर. सप्टेंबरमध्ये एकच माणूस सकाळी तोडणी आणि दुपारी क्रशवर असेल, तर तासांप्रमाणे पगार विभागा. हजेरीतला तो जास्तीचा रकाना यासाठीच होता.

तपासा: प्रत्येक कामगाराच्या नावापुढे 'शेती', 'इतर' किंवा 'दोन्ही' लिहिलंय का? एक नाव जरी कोरं असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: मालक तुम्ही की मुकादम?

ऊसतोडीची टोळी ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इथेही टोळी घेऊन येणारा मुकादम असतो, कायद्याच्या भाषेत 'क्रू लीडर'. तो मजूर पुरवत असेल, त्यांना पगारही तोच देत असेल (स्वतःच्या खिशातून असो वा तुमच्या वतीने) आणि तो तुमचा नोकर असल्याचा लेखी करार नसेल, तर त्या मजुरांचा मालक तो ठरतो. कपात, ९४३, डब्ल्यू-२ (मजुराच्या वर्षभराच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला) सगळं त्याचं. पण त्याने फक्त माणसं आणली आणि पगाराचे चेक तुम्ही प्रत्येकाच्या नावाने फाडलेत, तर मालक तुम्हीच.

मुकादम मालक असला तरी तुमच्या दप्तरात त्याचं नाव, कायमचा पत्ता आणि ईआयएन हवं. ईआयएन नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांक. तो कॉर्पोरेशन नसेल तर वर्षाअखेर त्याच्या नावाने १०९९-एनईसी, म्हणजे कंत्राटदाराला दिलेल्या पैशांचा फॉर्म, निघतो. २०२५ मध्ये दिलेल्या पैशांसाठी त्याची मर्यादा ६०० डॉलर आहे. २०२६ पासून दिलेल्या पैशांसाठी ती २,००० डॉलर झाली आहे.

सावधान: बेकारी कराच्या (काम गेलेल्यांच्या भत्त्यासाठी मालक भरतो त्या कराच्या) बाबतीत, म्हणजे फॉर्म ९४० साठी, मुकादमाची व्याख्या वेगळी आणि अरुंद आहे. तिथे तो स्थलांतरित व हंगामी शेतमजूर संरक्षण कायद्याखाली नोंदलेला तरी असावा लागतो, नाहीतर त्याच्या टोळीतली जवळजवळ सगळी माणसं त्यानेच पुरवलेले ट्रॅक्टर, कापणी यंत्रं किंवा फवारणीची यंत्रं चालवणारी असावी लागतात. ९४३ साठी तो मालक आणि ९४० साठी मात्र तुम्ही, असंही होऊ शकतं.

वाटेकरी किंवा अर्धेलीवर कसणारा हा नोकर नाही. त्याचा वाटा पिकाच्या उताऱ्यावर अवलंबून असतो, तो स्वतःचा धंदा करतो, त्याला पगारपत्रक लागत नाही. मात्र ठरलेली रक्कम दर महिन्याला देऊन कोणाला 'वाटेकरी' म्हटल्याने तो वाटेकरी होत नाही.

टप्पा ४: कपात लागू होते का, ते दोन कसोट्यांवर बघा

शेतमजुरीवर सोशल सिक्युरिटी (निवृत्तीवेतनाची वर्गणी) आणि मेडिकेअर (म्हातारपणीच्या आरोग्य विम्याची वर्गणी) पहिल्या डॉलरपासून आपोआप लागत नाही. वर्षभराच्या हिशेबात या दोनपैकी एक कसोटी लागू व्हावी लागते:

- एका मजुराला वर्षात १५० डॉलर किंवा अधिक रोख मजुरी दिली, तर त्या मजुरापुरती लागू.
- सगळ्या शेतमजुरांवरचा वर्षाचा एकूण खर्च, रोख आणि वस्तुरूप मिळून, २,५०० डॉलर किंवा अधिक झाला, तर सगळ्यांना लागू.

उदाहरण घ्या. वर्षात एकूण २,४०० डॉलर मजुरी, त्यात एकाला ९०० आणि बाकी प्रत्येकाला १५० च्या आत. कपात फक्त त्या एकाची. एकूण २,६०० झाली की १४० डॉलरवाल्यालाही लागते. याला एक छोटा अपवाद आहे. हाताने तोडणी करणारा, त्या भागात जिथे उक्ती, म्हणजे नगामागे किंवा पेटीमागे, मजुरी देण्याची रीत आहे अशा कामावर उक्ती मजुरीने राबणारा, रोज स्वतःच्या कायमच्या घरून ये-जा करणारा आणि मागच्या वर्षी १३ आठवड्यांपेक्षा कमी शेतीकाम केलेला मजूर वर्षात १५० च्या आत असेल, तर तो सुटतो. चारही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. आणि त्याची मजुरी २,५०० च्या बेरजेत धरायचीच.

दर नेहमीचेच आहेत. सोशल सिक्युरिटी मजुराकडून ६.२ टक्के आणि तुमच्याकडून ६.२ टक्के. मेडिकेअर दोघांकडून १.४५ टक्के. सोशल सिक्युरिटीची वरची मर्यादा २०२५ साठी १,७६,१०० डॉलर होती, शेतमजुरांत तिथपर्यंत क्वचितच कोणी पोचतं. ज्या शेतमजुरीवर ही कपात लागते, तिच्यावर फेडरल आयकराची कपातही डब्ल्यू-४ प्रमाणे करावी लागते.

माझा अनुभव असा की हंगाम मोठा असेल तर २,५०० ओलांडणारच. मग 'अजून ओलांडले नाहीत' म्हणून पहिल्या महिन्यात कपात न करणं म्हणजे नंतर तुमच्या खिशातून भरणं. तोडणीचा मजूर पुढच्या काउंटीत निघून गेला की त्याच्याकडून वसूल करणार कसं?

टप्पा ५: अपवाद बघा, पण जपून

*घरची माणसं.* धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, किंवा भागीदारीत फक्त मुलाचे आई-वडीलच असतील, तर १८ वर्षांखालच्या मुला-मुलीच्या मजुरीवर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर नाही, आणि २१ पर्यंत फेडरल बेकारी कर नाही. नवरा-बायकोने एकमेकांना दिलेल्या पगारावर बेकारी कर नाही, पण सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर आहे. मुलाने आई-वडिलांना दिलेल्या पगाराचंही तसंच. शेत कॉर्पोरेशनच्या नावावर असेल, किंवा एलएलसीने (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीने) करासाठी एस कॉर्पोरेशन व्हायचं निवडलं असेल, तर ही सगळी सूट संपते. आपल्याकडे पुतण्या-भाचा म्हणजे मुलासारखाच, पण हा कायदा तसं मानत नाही. पुतण्या हा साधा मजूर.

*धान्यरूप मजुरी.* पायली-दोन पायली धान्य मजुरीत देण्याची आपली जुनी रीत इथेही आहे, आणि शेतमजुराला वस्तुरूपात दिलेल्या मजुरीवर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर लागत नाही. डब्ल्यू-२ च्या पहिल्या चौकटीत मात्र तिची किंमत येते, तिसऱ्या आणि पाचव्या चौकटीत नाही. वस्तू खरोखर मजुराच्या ताब्यात जायला हवी आणि ती विकायची जोखीमही त्याचीच हवी. तुम्हीच विकून चेक दिला तर ती रोख मजुरी धरली जाते.

*एच-२ए व्हिसावरचे हंगामी मजूर.* इथे सगळ्यात जास्त फॉर्म चुकतात. त्यांच्या शेतीकामाच्या मजुरीवर सोशल सिक्युरिटी नाही, मेडिकेअर नाही. आयकराची कपात दोघांची संमती असेल आणि मजुराने डब्ल्यू-४ दिला असेल तरच. मजुरी २०२५ मध्ये ६०० डॉलर किंवा अधिक असेल, तर डब्ल्यू-२ द्यायचा. पहिली चौकट भरलेली, तिसरी आणि पाचवी कोरी.

सावधान: एच-२ए मजुराला १०९९-एनईसी देऊ नका, तो कंत्राटदार नाही. त्याने करक्रमांकच दिला नाही आणि मर्यादा ओलांडली, तर २४ टक्के कापून १०९९-मिसेलेनिअस आणि फॉर्म ९४५, असा वेगळा रस्ता आहे. तो महाग आणि कटकटीचा आहे. मजूर विमानातून उतरला की पहिल्या आठवड्यात क्रमांकाच्या अर्जाला लावा.

टप्पा ६: आता फॉर्म निवडा

इथवर नीट आला असाल तर ही निवड पाच मिनिटांची आहे.

१. फक्त शेतीकाम: फॉर्म ९४३, वर्षातून एकदा.

२. फक्त इतर काम: फॉर्म ९४१, दर तिमाहीला. मुदती ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारी. टेस्टिंग रूम फक्त उन्हाळ्यात चालत असेल, तर ९४१ वर 'हंगामी मालक' अशी चौकट आहे. तिच्यात खूण केली की बिनपगाराच्या तिमाहींचा फॉर्म लागत नाही.

३. दोन्ही: दोन्ही फॉर्म, प्रत्येकावर त्या-त्या कामाची मजुरी. एकच क्रमांक चालतो, पण हिशेब दोन.

४. फार्महाऊसमधली घरकामाची बाई किंवा मुलांना सांभाळणारी: नफ्यासाठी चालणाऱ्या शेतावरचं घर असेल तर तिचा हिशेब ९४३ मध्ये घेता येतो, किंवा तुमच्या वैयक्तिक कर विवरणासोबत शेड्यूल एच वर. एक निवडा, दोन्हीकडे दाखवू नका.

'आमचा कर कमी, आम्ही वर्षातून एकदाचा ९४४ भरू' असं म्हणणारा दरवर्षी एखादा भेटतोच. शेतीच्या मालकांना ९४४ चालत नाही.

आणखी एक जुनी सवय सोडा. शेतीच्या मालकांसाठी 'प्रकाशन ५१' नावाची वेगळी पुस्तिका असायची. २०२३ नंतर ती बंद झाली आणि तिचा मजकूर 'प्रकाशन १५' मध्ये गेला. घरातली जुनी प्रत बघून दर लावू नका.

टप्पा ७: पैसे कधी आणि कोणत्या नावाने भरायचे

२,५०० हा आकडा इथे दुसऱ्यांदा येतो, आणि लोक दोन्ही एकत्र करतात. टप्पा ४ मधले २,५०० हे *मजुरीचे* होते. हे २,५०० *कराचे* आहेत. वर्षाचा ९४३ वरचा एकूण कर २,५०० डॉलरच्या आत असेल, तर तो फॉर्मसोबतच भरता येतो. फसू नका: दोघांचा वाटा मिळून १५.३ टक्के धरला, तर १६,००० डॉलर मजुरीवर २,४४८ डॉलर होतात. त्यात थोडी आयकर कपात आली की मर्यादा गेली.

त्यापुढे भरणा मासिक की आठवड्यात दोनदा, हे मागच्या वर्षांवरून ठरतं. ९४३ साठी दोन वर्षांपूर्वीचं पूर्ण कॅलेंडर वर्ष बघतात. २०२६ चा भरणा ठरवायला २०२४ चा ९४३. त्यावरचा कर ५०,००० डॉलर किंवा कमी असेल तर मासिक, म्हणजे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. जास्त असेल तर बुधवार-गुरुवार-शुक्रवारच्या पगाराचा कर पुढच्या बुधवारी, आणि शनिवार ते मंगळवारच्या पगाराचा पुढच्या शुक्रवारी. अशा मालकांना ९४३ सोबत ९४३-ए जोडून दिवसागणिक हिशेब द्यावा लागतो. कोणत्याही दिवशी थकलेला कर एक लाख डॉलरवर गेला की दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी भरायचा. नवा मालक मासिकमध्ये धरतात.

९४१ आणि ९४३ चे पैसे एकत्र भरायचे नाहीत. भरणा करताना आधी फॉर्म निवडावा लागतो. तिथे बोट चुकलं, तर ९४१ च्या खात्यात जादा जमा आणि ९४३ च्या खात्यात थकबाकी, असं दिसतं. उशिराचा दंड पाच दिवसांपर्यंत २ टक्के, पंधरा दिवसांपर्यंत ५ टक्के, पुढे १० टक्के आणि नोटिशीनंतरही न भरल्यास १५ टक्के.

तपासा: पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक शेतमजुराचा प्रकार शेतीचा लावलाय का? बहुतेक सॉफ्टवेअर न सांगता ९४१ धरून चालतात.

टप्पा ८: फॉर्म ९४० वेगळा बघा

फेडरल बेकारी कराला शेतीच्या मालकासाठी स्वतंत्र कसोट्या आहेत. चालू किंवा मागच्या वर्षी कोणत्याही एका तिमाहीत शेतमजुरांना रोख २०,००० डॉलर किंवा अधिक दिले, किंवा २० वेगवेगळ्या आठवड्यांत, दिवसाचा थोडा वेळ का होईना, १० किंवा अधिक शेतमजूर कामावर होते, तर ९४० लागतो. ते दहाजण एकाच वेळी असायला हवेत असं नाही. एच-२ए मजूर आणि त्यांची मजुरी या मोजणीत धरायची, पण त्या मजुरीवर कर मात्र नाही. 'कर नाही म्हणजे मोजायचंच नाही' असं समजून लोक इथेच अडकतात.

शेतीबाहेरच्या कामगारांना साधी कसोटी: तिमाहीत १,५०० डॉलर, किंवा २० आठवड्यांत एक कामगार.

दर प्रत्येक कामगाराच्या वर्षातल्या पहिल्या ७,००० डॉलरवर ६ टक्के. राज्याचा बेकारी कर वेळेवर भरला तर ५.४ टक्क्यांपर्यंत सूट, म्हणजे उरतो ०.६. पण राज्याने केंद्राकडून घेतलेलं कर्ज थकलं असेल तर ही सूट घटते. कॅलिफोर्नियाच्या मालकांची २०२४ सालची सूट ०.९ टक्क्यांनी घटली होती. ९४० सोबत शेड्यूल ए जोडताना हे बघा. जमा कर ५०० डॉलरच्या वर गेला की तिमाहीनंतरच्या महिन्याअखेर भरायचा.

राज्यांचं वेळापत्रक निराळं असतं. ९४३ वार्षिक आहे म्हणून राज्यही वर्षभर थांबेल असं नाही. कॅलिफोर्नियात शेतमालकालाही डीई ९ आणि डीई ९सी हे राज्याचे पगाराचे फॉर्म दर तिमाहीला भरावे लागतात. वॉशिंग्टन, टेक्सास, फ्लोरिडात पगारावर राज्याचा आयकर नाही, पण बेकारी विम्याची नोंदणी तिथेही बघावी लागते.

टप्पा ९: जानेवारीची जुळवणी

९४३ आणि ९४० ची मुदत ३१ जानेवारी. सगळे भरणे वेळेवर आणि पूर्ण केले असतील तर १० फेब्रुवारी. डब्ल्यू-२ मजुराच्या हातात आणि सोशल सिक्युरिटी प्रशासनाकडे, दोन्ही ३१ जानेवारीलाच. तिथे जादा दहा दिवस नाहीत. सर्व प्रकारची मिळून १० किंवा अधिक माहितीपत्रकं (डब्ल्यू-२, १०९९ वगैरे) असतील तर कागदावर चालत नाही, ऑनलाइनच.

डब्ल्यू-२ च्या वर लागणारं एकत्रित पान डब्ल्यू-३. त्यात मालकाचा प्रकार विचारतात. शेतीवाल्यांच्या गठ्ठ्याला ९४३ ची खूण, इतरांच्या गठ्ठ्याला वेगळा डब्ल्यू-३ आणि ९४१ ची खूण. एकाच डब्ल्यू-३ खाली सगळे टाकले, तर पुढे सोशल सिक्युरिटीचे आणि आयआरएसचे आकडे जुळत नाहीत आणि पत्रव्यवहार सुरू होतो.

पाठवण्याआधी या क्रमाने बघा:

- ९४३-खुणेच्या डब्ल्यू-३ वरची सोशल सिक्युरिटी मजुरी, मेडिकेअर मजुरी आणि कापलेला आयकर हे ९४३ वरच्या आकड्यांशी जुळतात का?
- इतर गठ्ठ्याची बेरीज चार ९४१ च्या बेरजेशी जुळते का?
- एच-२ए च्या डब्ल्यू-२ वर तिसरी किंवा पाचवी चौकट चुकून भरली गेली आहे का?
- ९४३ च्या पहिल्या ओळीत १२ मार्च ज्या पगार-कालावधीत येतो, त्यातलेच मजूर मोजलेत ना? तोडणीच्या हंगामातले नव्हे. मार्चमध्ये कोणी नसेल तर शून्य हेच बरोबर उत्तर.
- डिसेंबरचं काम आणि जानेवारीत दिलेला पगार असं असेल, तर तो नव्या वर्षात गेलाय ना? पैसे ज्या दिवशी दिले, त्या वर्षाचा हिशेब.

टप्पा १०: चुकलं असेल तर

शेतीची मजुरी ९४१ वर गेली असेल, तर ज्या तिमाहीत गेली त्या प्रत्येकाचा ९४१-एक्स, म्हणजे दुरुस्तीचा फॉर्म, भरून ती काढायची आणि वर्षाचा ९४३ भरायचा. नुसता ९४३ भरून गप्प बसलात तर आयआरएसच्या लेखी एकाच मजुरीवर दोनदा कर होतो. उलट दिशेने, ९४३ मध्ये वायनरीची मजुरी शिरली असेल तर ९४३-एक्स आणि राहिलेले ९४१. डब्ल्यू-२ मधला आकडा चुकला तर डब्ल्यू-२सी. पैसे फक्त चुकीच्या फॉर्मच्या नावाने भरले असतील आणि फॉर्म बरोबर असतील, तर भरण्याची तारीख, रक्कम आणि पावती क्रमांक घेऊन ती रक्कम योग्य खात्यात हलवायला आयआरएसला सांगायचं. हे फोनवर सांगितलं तरी लेखी पाठवाच.

एकदा ९४३ सुरू केला की पुढच्या वर्षी मजूर नसले तरी शून्याचा ९४३ जातो. मजूर कायमचे बंद करणार असाल, जमीन विकली, मळा भाड्याने दिला किंवा सगळं मुकादमाकडे सोपवलं असेल, तर शेवटच्या ९४३ वर 'यापुढे भरावा लागणार नाही' या चौकटीत खूण करा. ती खूण न करता मळा विकणाऱ्याला दोन वर्षांनंतरही 'फॉर्म आला नाही' अशी पत्रं येत होती, आणि ती नव्या मालकाच्या पत्रपेटीत पडत होती.